भोंग्यातली राक्षसी

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी जो भोंगा वाजतो, त्याला आपण सायरन म्हणतो. इंग्रजीतून आलेला हा शब्द मूळचा ग्रीकांचा, आणि तोही राक्षसींचे नाव!

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात या सायरन समुद्राकाठच्या कुरणात बसून गातात. भोवती माणसांच्या हाडांचा ढीग. जुन्या ग्रीक भांड्यांवर त्यांचे अंग पक्ष्याचे आणि तोंड बाईचे काढलेले दिसते. गाणे ऐकून जो खलाशी तिकडे वळे, तो पुन्हा घर पाहत नसे. ओडिसियसने सोबत्यांच्या कानांत मेण घातले आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. कारण काय, तर त्याला ऐकायचे होतेच! गंमत पाहा, त्या त्याला रूपाची लालूच दाखवीत नाहीत. पृथ्वीवर घडते ते सारे आम्हांला ठाऊक आहे, ऐकून शहाणा होऊन जा, असे म्हणतात. शिकलेल्या माणसाला फसवायचे तर असेच.

मग हे नाव भोंग्याला कसे मिळाले? १८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीतून हवा सोडून सूर काढणारे यंत्र केले. ते पाण्याखालीही वाजे, म्हणून त्याने ते नाव दिले. पुढे असे भोंगे गिरण्यांत गेले, बंदरांत गेले. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी ते दिवे मालवून ऐकले. जुनी सायरन पाण्याकडे बोलावी. धरणावरची सांगते, गुरे सोडा आणि नदीपासून दूर व्हा.

हायड्राचे मात्र असे उलटे झाले नाही. या सर्पिणीचे एक डोके तोडले की दोन फुटत, आपल्या रक्तबीजाची आठवण व्हावी तसे. हेराक्लीझचा पुतण्या जळत्या कोलिताने माना भाजू लागला, तेव्हा कुठे ती आटोपली. तळ्यातल्या पाणवनस्पतींना चिकटून राहणारा एक इवलासा जीव आहे. १७४० च्या सुमारास त्रांब्ले यांनी तो कापून पाहिला, तर तुकड्यातुकड्यातून पुरा प्राणी तयार! डोक्याशी चिरला तर डोकी अनेक. लिनिअस यांनी १७५८ मध्ये त्याला हायड्राच म्हटले. शिक्षकांनी फळ्यावर त्याची आकृती काढताना ही गोष्ट जरूर सांगावी. पोरं नाव विसरायची नाहीत.

तिसरी कायमेरा: पुढे सिंह, मध्ये शेळी, मागे साप. इंग्रजीत हा शब्द खुळ्या कल्पनेला लावतात. पण दोन निरनिराळ्या जीवांच्या पेशी एकाच देहात नांदत असल्या, तर जीवशास्त्रज्ञ त्या देहालाही कायमेराच म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र नुसता ‘शेळी’.