नीलजिव्हेचे दहा तुकडे

भातकापणी उरकली की देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात. महाड-पोलादपुरासारख्या भातपट्ट्यात मोकळ्या खाचरात मेंढरं बसवायची. लेंडीखत शेताला, मोबदला धनगराला. व्यवहार जुना आणि चोख!

या मेंढरांना छळणारा एक आजार म्हणजे नीलजिव्हा. ताप येतो, तोंड सुजतं, नाक गळतं, खुरांवर लाली येऊन मेंढी लंगडते. जीभ निळी मात्र क्वचितच पडते. भारतातली त्याची पहिली नोंद 1964 सालची, तीही महाराष्ट्रातली.

याच्या विषाणूचा जनुकसंच 10 सुट्या तुकड्यांचा. एकाच मेंढीत दोन प्रकार शिरले, की पेशीत तुकड्यांची अदलाबदल होते. पत्ते पिसून नवा डाव मांडावा, तसंच. शिवाय नक्कल करताना चुका होतात, त्या वेगळ्या. म्हणून जगात याचे 24हून अधिक प्रकार आहेत, आणि आपल्याकडची लस त्यातल्या 5 प्रकारांवरची. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी अडवत नाही.

रोग पसरवतात बारीक चावरी चिलटं. माणसाला तो होत नाही. चिलटं चिखलात, ओल्या शेणात वाढतात. तेव्हा मंडळी, कळप कोरड्या जागी बसवा आणि लसीची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळ्याआधीच करा.