जिंकता येईल अशी जागा



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं माणदेशात मनापासून स्वागत करतो. हा कमी पावसाचा मुलूख. डाळिंब, खिलार जनावरं आणि सूतगिरणी यांवर इथल्या माणसांनी संसार उभे केले. माण नदीला पाणी असेलच असं नाही, पण आपल्या पाहुणचारात काही कमी पडणार नाही याची जबाबदारी आमच्या तरुण मंडळींनी घेतली आहे.

विधानसभेची उमेदवारी आणि आजवर बाहेर राहिलेले समाज हा या परिषदेचा विषय. तो ठरला तेव्हा मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची नावं पुढे आली होती. आम्ही आग्रह धरला की परिषद सांगोल्यातच व्हावी, आणि त्या आग्रहाला कारण आहे.

सांगोला मतदारसंघ राखीव नाही. इथून गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, अकरा वेळा विधानसभेत गेले. १९६२ साली पहिल्यांदा, २०१४ साली शेवटचं. धनगर समाजातला, साखर कारखाना हाताशी नसलेला, शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षाचा माणूस एका खुल्या मतदारसंघातून पन्नास वर्षांच्या काळात अकरा वेळा निवडून येतो, ही महाराष्ट्राच्या राजकारणातली साधी गोष्ट नव्हे. आबासाहेबांचं कौतुक करताना लोक त्यांचा एसटीचा प्रवास आणि साधं राहणं सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण साधेपणामुळे कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. त्यांना पहिल्यांदा उमेदवारी मिळाली ती लढता येईल अशा जागी मिळाली, आणि एकदा हरल्यावर ती काढून घेतली गेली नाही. १९७२ साली ते हरले. १९९५ साली तर अवघ्या १९२ मतांनी हरले. त्या वेळी ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पक्षाने १९९९ साली पुन्हा त्यांनाच उभं केलं, ते निवडून आले, आणि पुढची तीन विधानसभाही त्यांनी जिंकल्या. हरलेल्या माणसावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवणारा पक्ष त्यांना मिळाला. आज या सभागृहात बसलेल्या किती जणींना तसा पक्ष मिळाला आहे, याचा विचार आपण दोन दिवस करणार आहोत.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेच्या अकरा जागा. त्यांतल्या मोहोळ आणि माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव. २०२४ च्या निवडणुकीत या अकरा जागांवर अकरा पुरुष निवडून आले. एकही बाई नाही. याच जिल्ह्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सभापती म्हणून अंदाजपत्रक मांडणाऱ्या, पाण्याच्या टँकरसाठी तहसीलदारांशी भांडणाऱ्या, घरकुलांच्या याद्या तोंडपाठ असणाऱ्या शेकडो बाया या जिल्ह्यात आहेत. मग पंचायतीतून विधानसभेकडे जाणारी वाट नेमकी कुठे तुटते?

ती तुटते उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत. तिथे एक शब्द बोलला जातो, ‘इलेक्टिव्ह मेरिट’. सगळ्या पक्षांत बोलला जातो. त्याचा हिशेब असा: पैसा किती, कारखाना किंवा बँक आहे का, घराण्याचं नाव चालतं का, जातीची मतं किती, आणि गावोगावी गाड्या फिरवणारी माणसं किती. ज्या समाजाला यातलं काहीच मिळालेलं नाही, त्याचा माणूस कितीही कामाचा असला तरी या हिशेबात मागे पडतो. मग पक्षाला आपली यादी सर्वसमावेशक दिसायला हवी असते, म्हणून त्याला तिकीट दिलं जातं ते पक्ष तीन-तीन निवडणुका हरलेल्या ठिकाणी. निकालानंतर तोच पक्ष म्हणतो, ‘आम्ही संधी दिली होती, पण लोक स्वीकारत नाहीत.’ हा लोकांवर अन्याय आहे. लोकांसमोर खरी निवड ठेवलीच गेलेली नसते.

मी हे वाऱ्यावर बोलत नाही. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. त्यांत महिला ३६३. निवडून आल्या २१, आणि त्याआधी २०१९ साली आल्या होत्या २४. म्हणजे २८८ जणांच्या सभागृहात महिला एक दशांशही नाहीत, आणि आकडा वाढायचा सोडून खाली आला.

पण जिथे चुरस होती तिथे काय झालं? आमच्याच जिल्ह्यातला करमाळा घ्या. २००९ साली तिथून श्यामल बागल निवडून आल्या. २०१४ साली त्यांची मुलगी रश्मी बागल उभी राहिली आणि २५७ मतांनी हरली. तीनशेहून जास्त बूथ असलेल्या मतदारसंघात २५७ मतं म्हणजे बूथमागे एक मतसुद्धा नाही. बुलढाण्यात २०२४ साली जयश्री शेळके ८४१ मतांनी हरल्या. बेलापूरला मंदा म्हात्रे २०१४ साली गणेश नाईकांसारख्या बड्या नेत्याविरुद्ध १,४९१ मतांनी आणि २०२४ साली ३७७ मतांनी जिंकल्या. या सगळ्या लढती शेवटच्या फेरीपर्यंत गेल्या. बाई आहे म्हणून मतदाराने तोंड फिरवलं, असं या आकड्यांत कुठे दिसतं? बायकांना मतं पडत नाहीत हे वाक्य पक्षांच्या कार्यालयांत तयार होतं, आणि मतपेट्यांनी ते वारंवार खोटं ठरवलं आहे.

बागल घराण्यात आधी आमदारकी आणि मंत्रिपद होतं, हे मला ठाऊक आहे. सोलापूर शहर मध्य या खुल्या मतदारसंघातून प्रणिती शिंदे २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन वेळा निवडून आल्या. एमआयएम, माकप, शिवसेना असे सगळे समोर असताना आल्या. एका दलित घरातल्या मुलीने राखीव नसलेल्या जागेवर मिळवलेलं हे यश मी मोठं मानतो. तरी त्या राज्याच्या पहिल्या दलित मुख्यमंत्र्यांच्या कन्या आहेत, हेही खरं. आमच्या सांगोल्यातही आबासाहेबांनंतर उमेदवारी त्यांच्या नातवांकडेच गेली. २०१९ साली एक नातू ७६८ मतांनी हरला, २०२४ साली दुसरा नातू निवडून आला. घराण्यातून आलेल्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात बूथवर बसणारी माणसं, गाड्या आणि ओळखी आयत्या मिळतात, तिथली मुलगी किंवा मुलगा पहिल्याच निवडणुकीत लढण्याजोगा होतो. बचत गट चालवणाऱ्या बाईला ते सगळं शून्यातून उभं करावं लागतं, आणि त्यासाठी पक्ष तिला देतो जेमतेम पंधरा दिवस. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हातात पडतो. त्या रात्री ती तीनशे बूथवर माणसं कुठून आणणार?

खर्चाचं बोलायचं तर विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. अनामत कुणीही गोळा करतं. खरा पैसा लागतो तो मतदानाच्या दिवशी, प्रत्येक बूथवरच्या पोलिंग एजंटचं जेवणखाण, गाडी, आणि संध्याकाळी मशीन सील होईपर्यंत तिथून न हलणारा माणूस यांसाठी. अटीतटीच्या जागा तिथे जातात. म्हणून डहाणूचे विनोद निकोले मला फार महत्त्वाचे वाटतात. आदिवासी, एकेकाळी वडापावची गाडी चालवणारे, आणि २०१९ साली निवडून आलेल्या सगळ्या आमदारांत सर्वांत कमी मालमत्ता असलेले. ते २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा पाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. त्यांच्या मागे कारखाना नव्हता. वर्षानुवर्षं पाड्यापाड्यांत उभी राहिलेली संघटना होती, आणि बूथवर बसायला पैसे न मागणारी माणसं होती. आपल्याकडे पैसा नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाने डहाणूला जाऊन आठ दिवस राहावं, अशी माझी सूचना आहे.

सोलापूरचे नरसय्या आडम मास्तर याच वाटेने आले. तेलुगूभाषक, विडी आणि यंत्रमाग कामगारांचे पुढारी. १९७८, १९९५ आणि २००४ साली आमदार झाले. त्यांच्या लढ्यातून कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं. विडी कामगाराला पक्क्या घराची किती गरज आहे हे विधानसभेत दुसरं कोण सांगणार होतं? आबासाहेब टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी आयुष्यभर भांडले, कारण दुष्काळात जनावरं विकायला काढण्याचा अनुभव त्यांच्या लोकांचा होता. प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की अनेकांना वाटतं, ही केवळ मानाची वाटणी आहे. माणसं आपल्या जगण्यातले प्रश्न घेऊन सभागृहात जातात, आणि तिथे कुणी नसलं तर ते प्रश्न पटलावर येत नाहीत.

एक गोष्ट मला इथे जरा थांबून सांगायची आहे. चुरशीच्या लढतीत लहान समाजाला मतदार म्हणून फार भाव येतो. दोन-तीन हजार मतं असलेल्या वडार, कैकाडी, गोपाळ, मुस्लिम तांबोळी वस्तीवर शेवटच्या आठवड्यात सगळ्या पक्षांच्या गाड्या येतात. त्याच समाजातून कुणी उमेदवार म्हणून उभा राहिला की त्याच दिवसापासून त्याला ‘मतं खाणारा’ म्हटलं जातं. कुणाची मतं? ती आधी कुणाच्या नावावर लिहून दिलेली होती का? काही माणसं पैसे घेऊन उभी केली जातात, हे मी नाकारत नाही. पण या एका शिक्क्याने भटक्या-विमुक्तांच्या, मुस्लिमांच्या, लहान ओबीसी जातींच्या प्रामाणिक कार्यकर्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरी बसवलं आहे. त्यांची नाराजी दूर करायची म्हणून ‘पुढे विधान परिषदेवर बघू’ असं सांगितलं जातं. विधान परिषदेवर गेलेल्यांनी चांगली कामं केली, पण लोकांच्या मतांवर निवडून येण्याचा अधिकार त्यांना का नको?

तृतीयपंथी समाजाचंही तसंच. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरने २००० सालच्या पोटनिवडणुकीत शबनम मौसी यांना आमदार केलं. आपल्याकडे २०२४ साली रावेरमधून शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार म्हणून लढल्या. बहुतेक पक्षांनी त्या वाटेवर अजून पाऊलही टाकलेलं नाही.

२०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेत महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठरवल्या. जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर त्या लागू होतील, असं कायदा म्हणतो. २८८ मध्ये एक तृतीयांश म्हणजे ९६. हा कायदा आला याचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्याची वाट पाहत बसायला माझी हरकत आहे. त्या ९६ जागांसाठी आजपासून बाया तयार झाल्या नाहीत, तर सरपंचपदाच्या आरक्षणात सुरुवातीला झालं तेच विधानसभेत होईल, आणि सह्या दुसरेच कुणी करतील. शिवाय उरलेल्या १९२ जागांवरही बायकांचा तितकाच हक्क आहे.

म्हणून या परिषदेला आलेल्या सर्व पक्षांच्या पदाधिकाऱ्यांकडे मी हात जोडून मागणं मागतो. तुमच्या पक्षाने गेल्या वेळी ज्या जागा पाच हजारांच्या आत हरल्या किंवा जिंकल्या, त्यांची यादी काढा. त्या यादीतल्या निदान काही जागांची उमेदवारी या सभागृहातल्या माणसांना द्या, आणि ती निवडणुकीच्या एक वर्ष आधी जाहीर करा. हरल्या तर पुन्हा द्या. हे करणारा पक्ष कोणत्या विचारांचा आहे यावर माझं स्वागत अवलंबून राहणार नाही.

आता व्यवस्थेविषयी थोडं. बाहेरगावच्या भगिनींची राहण्याची सोय शाळेच्या नव्या इमारतीत आहे. लहान मुलांसाठी पाळणाघर मंडपाच्या डाव्या अंगाला आहे, तिथे आमच्या कॉलेजच्या मुली थांबतील. उद्या सकाळच्या सत्रात उमेदवारी अर्जाचा नमुना २ब आणि शपथपत्राचा नमुना २६ प्रत्येकाला प्रत्यक्ष भरायला मिळेल. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि एका चुकीच्या सहीवर अर्ज कसा बाद होतो, हे सांगायला निवृत्त निवडणूक अधिकारी आले आहेत. दुपारी बूथनिहाय मतदार यादी वाचायचं प्रशिक्षण आहे. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या गावची यादी सोबत ठेवावी. ज्यांनी आणली नसेल त्यांच्यासाठी कार्यालयात संगणक आणि छपाईची सोय केली आहे.

परिषदेच्या अध्यक्षांना मी विनंती करतो की त्यांनी पहिल्या सत्राची सूत्रं हाती घ्यावीत. पहिल्या सत्रात ज्या पाच भगिनी बोलणार आहेत, त्या सगळ्या थोड्या मतांनी हरलेल्या आहेत आणि पुन्हा उभ्या राहणार आहेत.