मोतीबिंदूनंतरची दृष्टी : काही विचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित नेत्रशिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)

 

आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने आपल्या आचार्यांनी सांगितली. नेत्रशिबिरात औषधदान तर घडतेच. परंतु वृद्धाला ग्रंथ पुन्हा वाचता आला तर ते शास्त्रदान होय, आणि चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती त्याला पाळता आली, तर पायाखालच्या जीवाला अभयदानही लाभते. मात्र हे सारे घडण्यासाठी मोतीबिंदू काढणे पुरेसे नसते. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

1988 साली आमच्या मातोश्रींची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी डोळ्याला टाके घालीत. टाके तपासण्यासाठी बोलावलेली तारीख नेमकी दिवाळीच्या हंगामात आली. दुकानात गर्दी होती. "दिवाळी झाल्यावर जाऊ," असे मी म्हणालो आणि ते राहूनच गेले. आईला अक्षरांना सावल्या दिसत. आम्ही त्याला वय म्हणत होतो. तिचा नित्याचा स्वाध्याय सुटला. दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा कळले, की शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. एक टाका मात्र घट्ट राहून डोळ्याचा पडदा ओढला गेला होता. त्यांनी टाका कापला, पुढे नवा चष्मा दिला आणि आई पुन्हा वाचू लागली. तिची ती दीड वर्षे मात्र मला परत देता आली नाहीत.

शिलाई ताणली गेली की कापडाला चुण्या पडतात, हे आम्हा कापड व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. बुबुळावरील काचेसारख्या पडद्याला पारपटल म्हणतात. डोळ्याच्या प्रकाश एकवटण्याच्या शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश शक्ती त्याची असते. तो चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल असावा. चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने अधिक वळला, तर किरण एका बिंदूत मिळत नाहीत. यालाच दृष्टिवैषम्य किंवा चष्म्याच्या दुकानातील भाषेत सिलिंड्रिकल नंबर म्हणतात.

शस्त्रक्रियेनंतर तो का राहतो? पहिले कारण छेदाची लांबी. जुन्या पद्धतीत छेद 10 ते 12 मिलिमीटरचा असे. शिबिरांत सर्रास होणाऱ्या बिनटाक्याच्या पद्धतीत तो 6 ते 7 मिलिमीटरचा असतो. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आरंभिलेल्या फेको पद्धतीत आता 2.2 ते 2.8 मिलिमीटर पुरतात. छेद जितका लहान, तितका पडद्याचा आकार कमी बदलतो.

दुसरे कारण छेदाची जागा. जेथे छेद द्यावा, त्या दिशेने पडदा किंचित सपाट होतो. टाका घट्ट बसला तर उलट अधिक वळतो. पारपटल उभ्यापेक्षा आडवे थोडे रुंद असल्याने कानशिलाकडील छेद मध्यापासून दूर पडतो व त्याचा परिणाम सौम्य होतो. उतारवयात पडद्याचा बाक बहुधा आडव्या दिशेला वाढतो. कानशिलाकडील छेद तो थोडा कमी करतो, तर वरच्या बाजूचा छेद त्यात भर घालू शकतो.

तिसरे कारण मूळचाच दोष. तो पडद्यात असतो. मोतीबिंदूबरोबर निघून जात नाही. त्यासाठी टोरिक भिंग मिळते. पण ते आपल्या अक्षावरच बसावे लागते. एक अंश फिरले तर सुमारे तीन टक्के गुण जातो आणि 30 अंश फिरले तर सगळाच. म्हणूनच रुग्णाला बसवून डोळ्यावर आधी खूण करतात. आडवे झाल्यावर डोळा किंचित फिरू शकतो.

म्हणून माझी ट्रस्टला नम्र विनंती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाच्या पारपटलाचे मोजमाप व्हावे. जखम स्थिरावल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टर देतील त्या तारखेला प्रत्येक रुग्णाला परत आणण्याची जबाबदारी एकेका कार्यकर्त्याने घ्यावी. चष्म्याचा खर्च शिबिराच्या अंदाजपत्रकातच धरावा. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सांगतो, शस्त्रक्रियांची संख्या ही केवळ जमेची नोंद आहे. किती जण पुन्हा वाचू लागले, हे पाहिल्याशिवाय ताळेबंद पूर्ण होत नाही.

आणि तरुणांना एवढेच सांगेन, की आईवडिलांच्या तपासणीची तारीख दुकानाच्या हंगामासाठी पुढे ढकलू नका.