प्रकाशतंतूच्या केबलची टोके
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

शाळांच्या सभागृहांत आणि देवळांच्या सभामंडपांत आता मोठे दूरचित्रवाणी संच आले आहेत. संच एका भिंतीवर, ध्वनिवर्धक यंत्र दुसऱ्या भिंतीशी, आणि दोघांना वीज निरनिराळ्या ठिकाणांहून. अशा स्थितीत तांब्याची तार जोडताच पुष्कळदा एक अखंड घरघर सुरू होते. तिच्यावर उत्तम उतारा म्हणजे प्रकाशतंतूची केबल. तिच्यातून वीज जात नाही, तांबडा प्रकाश जातो. जपानच्या तोशिबा कंपनीने ही जोडणी १९८३ मध्ये आणली; ‘टॉसलिंक’ हे नाव त्यावरूनच पडले.

हा तंतू काचेचाच असणार, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः नेहमीच्या केबलीत तो प्लॅस्टिकचा व १ मिलिमीटर जाडीचा असतो. भिंतीतील नळीतून तयार प्लग जात नाही, तेव्हा केबल कापावी लागते. आणि तंतू प्लॅस्टिकचा असल्यामुळेच हे काम घरी होऊ शकते.

कात्री मात्र वापरू नये. तिने तंतू चिरडतो. केबल सपाट फळीवर ठेवून, काटकोन साधून, कोऱ्या ब्लेडने एकाच दाबात काप घ्यावा. वरचे आवरण काही मिलिमीटर सोलताना तंतूवर चरा पडू देऊ नये. नंतर तो स्क्रूने आवळावयाच्या सुट्या प्लगमध्ये घालून टोक किंचित बाहेर ठेवावे. प्रथम १००० व मग २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवीत, ते प्लगच्या तोंडाशी समपातळीत येईपर्यंत हलके घासावे. घाई नडते ती येथेच. टोक दुधाळ राहिले तर प्रकाश तेथेच विखुरतो. काचेसारखे स्वच्छ दिसू लागले म्हणजे काम झाले. केबल नळीत अडकवून टाकण्यापूर्वी एका टोकाशी बॅटरी धरावी आणि दुसऱ्या टोकाचा प्रकाश कागदावर पाडावा. ठिपका गोल व तेजस्वी हवा.

यातून ध्वनी अंकरूपाने जातो. त्यामुळे प्रकाश अपुरा पडला तर आवाज लहान होत नाही. तो मधूनमधून तुटतो, नाहीतर अजिबात बंद पडतो. केबल दुमडली तरी हेच घडते. पाच मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही. दहाच्या पलीकडे जाऊ नये. आवाज मुळीच नसेल, तर चांगली केबल पुन्हा कापावयास घेण्यापूर्वी संचातील ध्वनीची निवड ‘पीसीएम’वर आहे का, हे पाहावे. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

ग्रामपंचायतीत वा घरी इंटरनेटसाठी येणारी केबल मात्र निराळी. तिच्यातील तंतू काचेचा असतो. त्याच्या बारीक कपच्या कातडीत शिरतात आणि दिसतही नाहीत. तिच्यातील प्रकाशही डोळ्यांना अदृश्य असतो. म्हणून तिच्या टोकात डोकावू नये आणि ती तुटल्यास जोडणीचे काम संबंधित कर्मचाऱ्यावर सोपवावे. शिक्षकांना वर्गात प्रयोग दाखवावयाचा असल्यास प्लॅस्टिकच्या केबलीचा उरलेला तुकडा त्यास पुरेसा आहे.