विद्यार्थी दिवसाच्या गावात

वाड्यावस्त्यांवरून घाट चढत-उतरत इथवर आलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपल्या सर्वांचे साताऱ्यात मनापासून स्वागत करते. पहाटे अजिंक्यतारा चढून आलेली काही मंडळी मला चहाच्या रांगेत भेटली. कंदी पेढे कुठल्या दुकानातून न्यावेत, हे आतापर्यंत अकरा जणांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर स्वागताध्यक्षांनी देऊ नये. मला याच गावात राहायचे आहे.

एक जागा मात्र मी नाव घेऊन सांगते. जाण्यापूर्वी राजवाडा परिसरातल्या प्रतापसिंह हायस्कूलपाशी दोन मिनिटे थांबा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव लागले. रजिस्टरातला क्रमांक 1914. 2017 पासून राज्यात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. 5 सप्टेंबर, शिक्षक दिन, आपला असतो. त्या दिवशी आपल्याला गुलाबाचे फूल मिळते. तरीही शिक्षकांची परिषद विद्यार्थी दिवसाच्या गावात भरते आहे, याचा आम्हाला जास्त आनंद आहे. हजेरीपत्रक आपल्या हातात असले, तरी पटावर आपलेही नाव आहे, हे इथे विसरता येत नाही.

या जिल्ह्याची माती तेच सांगते. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला 1831 मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी लग्नानंतर अक्षर गिरवले, अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि मग त्या वर्गात उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे 1935 मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. खेड्यात शाळा काढायची, तर आधी त्या शाळेत टिकून शिकवणारा माणूस घडवावा लागतो, हे भाऊरावांना ठाऊक होते.

आता थोडे माझे. मी 1984 मध्ये डोंगरातल्या एका दोनशिक्षकी शाळेत रुजू झाले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आम्ही मुलांना दाखवावेत, अशी अपेक्षा होती. पण आमच्या वाडीत वीज आली की कार्यक्रम संपलेला असे, आणि कार्यक्रम असे तेव्हा वीज नसे. 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद पडली. मध्ये टेप आला, सीडी आल्या, प्रोजेक्टर आला. यातल्या बऱ्याच वस्तू पुढे कपाटावर गेल्या. शाळेत यंत्रे येतात आणि जातात, हे छत्तीस वर्षांत मी डोळ्यांनी पाहिले.

एका शाळेत पहिला संगणक आला तेव्हा आम्ही त्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. रुमाल चार महिने निघाला नाही. बिघडला तर पगारातून कापतील, ही भीती होती. शेवटी सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, मला येतो. दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात शिकलोय.” शाळा सुटल्यावर मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. माउस धरताना माझा हात थरथरत होता. सगळे लिहिलेले एकदम पुसले गेले, तेव्हा माझ्या तोंडून “अगं आई” निघाले. तो शांतपणे म्हणाला, “भिऊ नका बाई, अनडू आहे. चुकलं तर मागं घेता येतं.”

मुले फळ्याजवळ येऊन चुकतात तेव्हा त्यांना असे सांगणारे कुणीतरी हवे असते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजले. तोवर मी चुकीवर लाल शाईने गोल करत होते. संगणक मला बेताचाच आला, पण माझा लाल पेन त्या मुलाने बदलला. शिकणाऱ्याच्या स्टुलावर अधूनमधून बसले नाही, तर शिकवणाऱ्याला शिकण्यातली भीती आठवत नाही. नव्या तंत्राचा आपल्याला पहिला उपयोग कोणता, असे कुणी विचारले तर माझे उत्तर हेच आहे: ते आपल्याला पुन्हा कच्चे करते.

माझ्या गुरुजींनी शाळेत लावलेली माझी जन्मतारीख 1 जून. हसू नका, सभागृहातल्या निम्म्यांची तीच असेल. त्यामुळे मी 31 मे 2020 ला निवृत्त झाले, टाळेबंदीत, निरोपसमारंभाशिवाय. शेवटचे दोन महिने व्हॉट्सॲपवर धडे पाठवत होते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरांत स्मार्टफोन नव्हता, आणि असला तरी तो वडिलांबरोबर कामावर जाई. त्याच काळात सोलापूरच्या निलमनगरमध्ये शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहत आणि शिकत. त्याच जिल्ह्यातले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडच्या कामासाठी डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एकाच जिल्ह्यात एकाने कोड वापरला, दुसऱ्यांनी रंगाचा डबा. माझ्या मते दोघेही तितकेच आधुनिक. समोरच्या मुलापर्यंत काय पोचेल, हे दोघांनी आधी पाहिले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. माझी सून शिक्षिका आहे. तिच्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने ‘माझी आजी’ हा निबंध आणला. भाषा गुळगुळीत, एकही चूक नाही. निबंधातली आजी ओसरीवर बसून पऱ्यांच्या गोष्टी सांगत होती. सून रागावली नाही. तिने विचारले, “तुझी आजी आत्ता कुठं आहे रे?” तो म्हणाला, “भांगलायला गेलीय.” “मग ते लिही की.” त्याने वहीत सात ओळी लिहिल्या. त्यात आजीच्या खुरप्याला बांधलेली चिंधी होती. पुढच्या तासाला सुनेने दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले आणि खरी आजी कोणती, हे वर्गाला ओळखायला लावले. मुलांनी चिंधीवर बोट ठेवले. हा तास घेता यावा म्हणून सुनेला ते यंत्र स्वतः वापरून पाहावे लागले होते. ते काय छान लिहिते आणि कुठे पोकळ लिहिते, हे शोधावे लागले होते. कुठल्याही हस्तपुस्तिकेत हा पाठ नव्हता.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्यांच्या मनातली धास्ती मी जाणते. परीक्षा होतील, तास भरतील, प्रमाणपत्रेही निघतील. पण व्हिडिओ सुरू करून बाजूला ठेवला आणि भाजी निवडली, तरी प्रमाणपत्र मिळते. हे आपल्यालाही माहीत आहे आणि देणाऱ्यांनाही.

खरे शिकणे कसे पसरते, हे याच तालुक्यातल्या कुमठे बीटाने दाखवले. तिथल्या जिल्हा परिषद शाळांत प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी आणि त्यांचे शिक्षक यांनी ज्ञानरचनावाद जमिनीवर उतरवला, अगदी शब्दशः. फरशीवर आखलेल्या चौकटी, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येत. ते वर्गात मुलांच्या मागे बसत, वहीत आकृत्या काढत आणि आपल्या शाळेत जाऊन स्वतः रंग कालवत. शिक्षकाला पटते ते दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात.

म्हणून व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांना यजमान या नात्याने एक विनंती. आम्हाला टॅब द्या, पडदे द्या, इंटरनेट द्या. पण त्याआधी वेळ द्या. माहिती भरायच्या लिंका, फोटो अपलोड, तातडीचे तक्ते यांतून महिन्यातली एक दुपार मोकळी करा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी एकाने पाठ घ्यावा आणि बाकीच्यांनी तो बघावा. उपकरण एका खरेदी आदेशात येते. ते वापरणारा शिक्षक तयार व्हायला वर्षे जातात.

बंधू-भगिनींनो, दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा आहे. भाकऱ्या शेजारच्या शाळेतल्या माता-पालकांनी थापल्या आहेत. मुक्कामात, पाण्यात, पंख्यात कुठे उणीव राहिली असेल तर ती माझ्या पदरात घाला.

नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला एक कोरे कार्ड मिळाले आहे. त्यावर आपल्याला न येणारी एक गोष्ट लिहा आणि ते प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लावा. ती गोष्ट ज्याला येते, त्याने खाली आपले नाव लिहावे. संध्याकाळी निघताना प्रत्येकाने किमान एका कार्डाखाली नाव लिहिलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पहिले कार्ड मीच लावले आहे. फोनवर बोलून मराठी मजकूर लिहून घ्यायला मला अजून जमत नाही. ज्यांना येते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठावे.