आजीच्या घरातली लक्ष्मी ओरिजिनल आहे का?

आजचा विषय गिरगावचा, आणि कदाचित तुमच्या आजीच्या देवघरावर लटकलेल्या फ्रेमचासुद्धा.

१८९४ साली राजा रविवर्मांचा शिळाछाप छापखाना गिरगावात सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती घराघरांत पोचल्या. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

जुनी चित्रं जमवणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "ओरिजिनल आहे का?" गंमत इथेच आहे. रविवर्मांनी कॅनव्हासवर रंगवलेलं चित्र वेगळं. छापखान्यातले कारागीर ते बघून प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर उलटं चित्र काढायचे. शिळाछपाईत काम संपलं की दगड घासून पुढच्या चित्राला घेतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सोर्स फाइलवरच नवीन फाइल सेव्ह! म्हणजे त्या कारागिरांचा हात आज बघायचा तर बहुतेक वेळा छापलेल्या कागदावरच. माझ्या मते तो कागदच ओरिजिनल.

ओळखायचं कसं? मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधं भिंग धरा आणि देवीच्या गालावर झूम करा. शिस्तीत बसलेल्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतरची ऑफसेट छपाई. लहान-मोठे, वेडेवाकडे ठिपके असतील, तर शिळाछपाईची शक्यता जास्त. खालच्या कडेला छापखान्याचं नाव बघा. फ्रेम करताना ती कड कधी कधी कापली जाते. नाव नसेल तर लगेच 'रविवर्मा प्रेस' म्हणू नका. तीच चित्रं इतरांनीही छापली.

हे आत्ताच का सांगतोय? १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली, बरंच काही जळालं. जे वाचलं, त्यातलं कितीतरी लोकांच्या भिंतींवर आहे. आणि गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी पाडून टॉवर उठताहेत. सामान बांधताना फुटक्या काचेची फ्रेम सगळ्यात आधी भंगारात जाते.

तर एवढं करा. चित्राचा पुढून-मागून फोटो काढा. ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेट तर अजिबात नको. ओलीच्या भिंतीवरून उतरवा. साडीवर कुणी जर-टिकल्या लावल्या असतील, तर त्या काढू नका. तोही त्या चित्राचा इतिहास आहे. आणि आजीला विचारा, हे घरात कधी आलं? ते उत्तर रेकॉर्ड करून ठेवा, कारण ते कागदावर कुठेच छापलेलं नाही.