फुलदाणीतले मांजर

आपल्या बीदरची बिदरी फुलदाणी बहुतेकांच्या घरी आहे. तिचाच फोटो डोळ्यांसमोर आणा. संगणकात फोटोचा प्रत्येक ठिपका ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. हे आकडे हिशेबाने किंचित हलवले, तर यंत्र फुलदाणीला छातीठोकपणे मांजर म्हणते. आपण हसतो. आपल्याला फुलदाणीच दिसते ना!

गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापलेले प्रयोग कळले आणि आमचे हसू मावळले. एकाच चित्राच्या दोन प्रती, एक यंत्राच्या लेखी मांजराकडे झुकवलेली, दुसरी भलतीकडे. लोकांना विचारले, यातले जास्त मांजरासारखे कोणते? प्रश्नच वेडगळ. बघायला हवा तेवढा वेळ, आणि बदल जेमतेम दोन आकड्यांचा. तरी नुसत्या अंदाजाने पडले असते त्यापेक्षा जास्त वेळा बोट पहिल्या प्रतीवरच पडले. यंत्र पुरते फसते, माणूस थोडासाच झुकतो. पण झुकतो, आणि त्याला ते कळत नाही.

आम्ही सरकारी नोकर. पडद्यावर फोटो पाहून 'पडताळले' असा शेरा मारण्यात दिवस जातो. यंदा रांगोळी स्पर्धेचा निकाल मोबाइलवरच्या फोटोंवरून लावावा, अशी सूचना आली आहे. आम्ही तरी अंगणात जाऊनच पाहणार.